उदरांतील बाळ आणि घरांतील मीठ

शिरूर अनंतपाळ तालुक्यांतील कोणत्याही गांवच्या किराणा दुकानांत जाऊन सर्वांत स्वस्त जिन्नस कोणता असें विचारलें, तर दुकानदार बहुधा मिठाकडे बोट दाखवील. तेल, डाळ, गूळ ह्यांचे भाव चढतात, उतरतात व त्यांची चर्चा पारावर होते; मिठाची चर्चा कोणी करीत नाहीं. घरांतील मीठ संपलें तर शेजारणीकडून वाटीभर आणावें, इतकीच त्याची मातबरी. परंतु हा जिन्नस कोणत्या प्रकारचा आहे व घरांत तो कसा ठेवला जातो, ह्यावर आईच्या पोटांतील बाळाच्या मेंदूची घडण बऱ्याच अंशीं अवलंबून असते. खेड्यांतील आमचे उपदेशक, शाळामास्तर व मंडळींतील वडील भगिनी ह्यांचें घरोघरीं जाणें-येणें असतें, आणि सुनेस दिवस गेल्याची बातमी त्यांच्या कानीं लवकर पडते. म्हणून हा विषय त्यांनीं नीट समजून घ्यावा अशी आमची इच्छा आहे.

आपल्या गळ्याच्या पुढल्या बाजूस, घांटीच्या किंचित् खालीं, फुलपांखराच्या आकाराची एक लहान ग्रंथि असते. तिला थायरॉईड म्हणतात. ही ग्रंथि एक रस तयार करून रक्तांत सोडते. शरीराची ऊब, हृदयाची गति, अन्नाचें पचन, मुलांची वाढ, हीं सर्व कामें त्या रसाच्या तंत्रानें चालतात. हा रस करावयास आयोडीन नांवाचें द्रव्य लागतें, आणि तें शरीर स्वतः उत्पन्न करूं शकत नाहीं. अन्नपाण्यांतूनच यावें लागतें. त्याचें प्रमाण मात्र नवल वाटण्याजोगें अल्प आहे. मोठ्या माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ह्या हिशेबानें सत्तर वर्षें जगणाऱ्या माणसाला सबंध जन्मांत लागणारें आयोडीन चार ग्रॅमहि भरत नाहीं. चहाच्या एका चमच्यांत तें मावेल. पण तो चमचा एकदांच खाऊन भागत नाहीं. रोजचा कण रोज मिळावा लागतो.

स्त्री गरोदर झाली कीं ही गरज वाढते. तिच्या ग्रंथीला नेहमीच्या सुमारें दीडपट रस करावा लागतो, लघवीवाटें आयोडीन अधिक जाऊं लागतें, आणि पुढें बाळाच्या वाट्याचेंहि तिलाच द्यावें लागतें. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठीं दिवसाला २५० मायक्रोग्रॅम हें प्रमाण ठरविलें आहे.

आतां ह्या पाठांतील मुख्य गोष्ट. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथि बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करूं लागते, आणि गरोदरपणाचा अर्धा काळ लोटेपर्यंत तिचें काम तुटपुंजेंच असतें. परंतु मेंदूची पायाभरणी त्याच्या पुष्कळ आधीं सुरू झालेली असते. मग त्या आरंभीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला लागणारा रस कोठून येतो? तो सर्वस्वी आईच्या रक्तांतून येतो. आईजवळ तो कमी असेल तर बाळाला दुसरी पेढी नाहीं.

आपल्याकडे पहिलटकरणीचें कौतुक केव्हां होतें तें पाहा. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यांत. ओटी भरावयाची, हिरवी साडी नेसवावयाची, काय खावेंसें वाटतें तें विचारावयाचें, आणि मग बाळंतपणासाठीं माहेरीं पाठवावयाचें. चाल चांगली आहे. तिच्यावर आमचा आक्षेप नाहीं. परंतु ज्या महिन्यांविषयीं आम्ही बोलत आहों ते तोंपर्यंत केव्हांच सरलेले असतात. ते सासरच्या चुलीपाशीं गेलेले असतात, आणि त्यांतील कांहीं आठवडे तर असे कीं, आपल्याला दिवस गेले आहेत हें त्या मुलीला स्वतःलाहि ठाऊक नसतें. माहेरच्या तुपापेक्षां सासरच्या मिठाची योग्यता येथें अधिक आहे, असें आम्ही म्हटलें तर विहिणींनीं रागावूं नये.

हें केवळ अनुमान नव्हे. न्यू गिनी नांवाच्या बेटावर जिमी नदीचें एक दुर्गम खोरें आहे. तेथें अन्नांत आयोडीन फारच थोडें असे, आणि मुकीं, बहिरीं, पायांनीं लुळीं व मंदबुद्धि अशीं मुलें पुष्कळ जन्मत. १९६६ सालीं तेथील कुटुंबांपैकीं एक सोडून एका कुटुंबास आयोडीनयुक्त तेलाचें इंजेक्शन देण्यांत आलें, आणि बाकीच्यांस साध्या क्षारजलाचें. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा आढावा १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या आयांना आयोडीन मिळालें नव्हतें त्यांच्या ५३४ मुलांत ३१ मुलें अशा व्यंगाचीं निघालीं. ज्यांना मिळालें होतें त्यांच्या ४९८ मुलांत सात निघालीं. आणि त्या सातांपैकीं सहांच्या आया इंजेक्शन घेतलें त्या दिवशींच गरोदर होत्या. वाचकांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. औषध तेंच, हात तेच. परंतु गर्भ राहिल्यावर दिलेलें औषध ह्या सहा बाळांना वाचवूं शकलें नाहीं.

आपल्या देशांत असें दुःख हिमालयाच्या पायथ्याशीं फार होतें. त्याचें दिसणारें चिन्ह म्हणजे गलगंड. आयोडीन कमी पडलें कीं गळ्यांतील ग्रंथि अधिक काम करण्याच्या खटपटींत फुगते, आणि गळ्याशीं गांठ लोंबूं लागते. १९५६ सालीं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनीं कांगडा खोऱ्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. सुमारें एक लाख वस्तीचा मुलूख तीन भागांत विभागून दोन भागांना आयोडीन मिसळलेलें मीठ व एकाला साधें मीठ पुरविण्यांत आलें. आरंभीं शाळेंतील मुलांत गलगंडाचें प्रमाण तिन्ही भागांत शेंकडा ३८ च्या आसपास होतें. सहा वर्षांनीं आयोडीनवाल्या भागांत तें निम्म्यावर उतरलें, आणि साध्या मिठाच्या भागांत होतें तेथेंच राहिलें. मग त्या तिसऱ्या भागालाहि आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें, आणि तेथेंहि गलगंड ओसरला. ह्या कामाचा वृत्तांत १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. तो लिहिणारांत एम. जी. करमरकर हें आपल्या ओळखीच्या वळणाचें नांव आहे, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.

ह्याच प्रयोगाच्या बळावर १९६२ सालीं सरकारनें राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. प्रथम दृष्टि होती ती डोंगराळ मुलखाकडे. पुढें जसजशी पाहणी होत गेली तसतसें दिसून आलें कीं, मैदानी प्रांतहि ह्यांतून सुटलेले नाहींत. तेव्हां १९८३ सालीं खासगी कारखानदारांस असें मीठ करण्याची मोकळीक देण्यांत आली, आणि सर्वच खाण्याच्या मिठांत आयोडीन घालण्याचें धोरण ठरलें. १९९२ सालीं कार्यक्रमाच्या नांवांतून गलगंड हा शब्द काढून ‘आयोडीन न्यूनता विकार’ हे शब्द घालण्यांत आले. आम्हांस हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. गलगंड डोळ्यांना दिसतो. पण बाळाच्या बुद्धीची व कानांची जी हानि होते ती गळ्यावर दिसत नाहीं.

कायद्याची वाट मात्र वांकडीतिकडी झाली. १९९८ सालीं केंद्र सरकारनें खाण्यासाठीं आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी केली. २००० सालीं ती उठविली. आणि २००६ सालीं पुन्हां घातली. बंदीस विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते असें नाहीं. लहान मिठागरवाल्यांच्या पोटाचा प्रश्न होता. शिवाय १९३० सालीं आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनीं मिठासाठीं लाठ्या खाल्ल्या. त्या मिठावर सरकारनें पुन्हां हुकूम चालवावा, हें पुष्कळांस सलत होतें. त्यांच्या म्हणण्यांत जीव नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्या वतीनें बोलावयास कोणी नसतें तें पोटांतील बाळ ह्या वादांत एक पक्षकार आहे, आणि आमचा कौल त्याच्या बाजूस आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. शिरूर अनंतपाळचा मुलूख समुद्रापासून शेंकडों मैल दूर आहे. आयोडीनचें मोठें कोठार म्हणजे समुद्र. तेथून तें हवेंत जातें व पावसाबरोबर थोडेंफार भूमीवर येतें, आणि पुराच्या पाण्याबरोबर पुन्हां वाहून जातें. किनाऱ्यावरील लोकांच्या पानांत समुद्राचे मासे असतात. आपल्याकडे भाकरी ज्वारीची, वरण तुरीचें. घरणीच्या तलावांतले किंवा मांजरेचे मासे कधीं मिळाले तरी गोड्या पाण्याच्या माशांत समुद्राच्या माशांइतकें आयोडीन नसतें. दूध, दही व अंडीं ह्यांतून कांहीं मिळतें, पण ज्या घरांत दूध चहापुरतेंच येतें तेथें त्याचा आधार किती धरावा? म्हणून अशा घरांत भरंवशाचा पुरवठा एकच, आणि तो मिठाच्या पुडीचा.

ह्या पुडीविषयीं देशाची स्थिति कशी आहे? २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ९४ घरांत आयोडीन असलेलें मीठ सांपडलें. हें ऐकून समाधान वाटतें. परंतु २०१८-१९ सालीं झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणींत मिठांत आयोडीन पुरेसें आहे काय हें मोजण्यांत आलें, तेव्हां अशीं घरें शेंकडा ७६ च निघालीं. म्हणजे मिठांत आयोडीन असणें निराळें व पुरेसें असणें निराळें. नियम असा कीं, कारखान्यांत मीठ भरतेवेळीं आयोडीन कांहीं अधिक असावें आणि गिऱ्हाइकाच्या हातीं पोंचेपर्यंत एक किलोंत निदान १५ मिलिग्रॅम उरावें. मधली तूट वाटेंत, दुकानांत व पुष्कळदां आपल्याच स्वयंपाकघरांत होते.

ती कशी होते? खडे मीठ पोत्यांतून सुटें येतें, त्यांत माती व काडीकचरा असतो, म्हणून स्वच्छतेची आवड असणारी गृहिणी तें पाण्यानें धुऊन उन्हांत वाळविते. आयोडीनचें लवण खड्याच्या वरच्या अंगाला लागलेलें असतें, तें धुण्याच्या पाण्याबरोबर मोरींत जातें. जी जितकी टापटिपीची तिच्या घरीं तितकें आयोडीन कमी, असा हा उलटा न्याय होतो. ज्या घरांत पुडीचें बारीक मीठ येतें तेथें तें उघड्या भांड्यांत चुलीजवळ ठेवलेलें असतें. ओलाव्यानें व उष्णतेनें त्याचाहि अंश हळूहळू उडून जातो. झांकणाची बरणी, कोरडा चमचा व चुलीपासून दूरची फळी, एवढ्यानें हें टळतें. भाजी-आमटींत मीठ शिजण्याच्या शेवटीं घालावें, म्हणजे त्यांतील आयोडीन अधिक टिकतें. गुरांसाठीं म्हणून विकलें जाणारें मीठ माणसांच्या अन्नांत घालूं नये. सैंधव व काळें मीठ, आणि हल्लीं शहरांतून आलेलें महागडें गुलाबी मीठ, ह्यांत सहसा आयोडीन मिसळलेलें नसतें. कोणी तीं औषधी म्हणून वापरीत असेल तर रोजच्या मिठाच्या जागीं त्यांना बसवूं नये. पुडी घेतांना तिजवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द व भरल्याची तारीख पाहावी. पुष्कळ पुड्यांवर हंसऱ्या सूर्याचें चित्र असतें, तें ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाहि ओळखतां येईल. आशाताईंजवळ मिठाच्या परीक्षेची लहान बाटली असेल तर घरचें मीठ त्यांना अवश्य दाखवावें. थेंब पडतांच मीठ निळें-जांभळें झालें म्हणजे त्यांत आयोडीन आहे. जसेंच्या तसें पांढरें राहिलें तर नाहीं.

एका वर्गाची आम्हांस विशेष काळजी वाटते. मराठवाड्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपींच्या जोडपीं ऊंसतोडीस जातात. फडाजवळच्या कोपींत महिनेच्या महिने काढावयाचे, जवळ जें दुकान असेल तेथून जें मिळेल तें आणावयाचें. त्यांतील तरुण स्त्रियांना दिवस जातात ते पुष्कळदां तिकडेच, आणि ते आरंभीचे महिने कोणत्याहि नोंदवहींत येण्यापूर्वींच संपतात. गाडी गांवांतून हलण्याआधीं ज्वारीच्या पोत्याबरोबर चांगल्या मिठाच्या चार-सहा बंद पुड्या बांधून द्याव्यात. त्यांना फार दाम पडत नाहीं, आणि बंद पुडींतलें मीठ कोरड्या जागीं महिनोन्महिने टिकतें.

येथें कोणी असें समजूं नये कीं, गरोदर बाईनें मीठच अधिक खावें. तसें केल्यास रक्तदाब वाढण्याचें भय आहे. मीठ नेहमीइतकेंच खावें, पण तें आयोडीनयुक्त असावें, आणि ऐपतीप्रमाणें दूध, दही, अंडें वाढवावें. तसेंच आयोडीनच्या निराळ्या गोळ्या आपल्या मनानें आणून खाण्याचें कारण नाहीं. बंगळूर व बँकॉक येथें थोडी कमतरता असलेल्या गरोदर स्त्रियांपैकीं कांहींना रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन व कांहींना पोकळ गोळी देऊन, त्यांचीं मुलें पांच-सहा वर्षांचीं झाल्यावर त्यांची पारख करण्यांत आली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही प्रकारच्या मुलांत बुद्धीचा फरक आढळला नाहीं. ह्यावरून मिठाचें महत्त्व कमी होत नाहीं, उलट वाढतें. कारण ज्या देशांत घरोघरीं बरें मीठ पोंचलें आहे तेथें स्त्रीच्या ग्रंथींत आधींच कांहीं सांठा असतो, आणि तोच पहिल्या आठवड्यांत कामास येतो. सांठा करावयाचा तो लग्नाच्या वयाच्या मुलींत, किंबहुना शाळेंत जाणाऱ्या मुलींतच.

मीठ चांगलें असूनहि एखाद्या स्त्रीची थायरॉईड ग्रंथि मंद असूं शकते. हा निराळा रोग आहे, आणि तो मिठानें बरा होत नाहीं. अंगांत सदा सुस्ती, इतरांपेक्षां थंडी अधिक वाजणें, बद्धकोष्ठ, केंस गळणें, आवाज घोगरा होणें, हीं त्याचीं लक्षणें. पण ह्यांतील अर्धीं लक्षणें साध्या गरोदरपणांतहि होतात, म्हणून वरून ओळखणें कठीण. रक्ताचीच परीक्षा पाहिजे. भारत सरकारनें २०१४ सालीं ह्याविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें आहे. ज्या स्त्रीचे गर्भ पूर्वीं वारंवार पडले, मृत मूल जन्मलें, दिवस भरण्याआधीं बाळंतपण झालें, पुष्कळ वर्षें मूल होत नव्हतें, गळ्याशीं गांठ आहे, किंवा आईस अगर बहिणीस थायरॉईडचा रोग आहे, तिची तपासणी अगत्यानें व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखालीं गरोदर स्त्रियांना डॉक्टर तपासतात. त्या दिवशीं वरील हकीकत आपण होऊन सांगावी. आपल्या बायका विचारल्यावांचून बोलत नाहींत, आणि गर्भ पडल्याची गोष्ट तर सासूबाईंसमक्ष मुळींच काढीत नाहींत. बरोबर जाणाऱ्या भगिनीनें डॉक्टरांशीं एकांतांत बोलण्याची सवड तिला करून द्यावी.

दोष निघाल्यास जी गोळी देतात ती थायरॉईडच्या रसाचीच नक्कल असते. तिच्यानें बाळास अपाय होत नाहीं, न घेतल्यानें मात्र होऊं शकतो. ती सकाळीं अनशापोटीं पाण्याबरोबर घ्यावी व निदान अर्धा तास चहासुद्धां घेऊं नये. येथें एक घोटाळा वारंवार होतो. लोहाच्या तांबड्या गोळ्या व कॅल्शियमच्या गोळ्या त्याच बाईला दवाखान्यांतून मिळालेल्या असतात, आणि ती बिचारी सगळ्या गोळ्या एका मुठींत घेऊन गिळते. लोह व कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटांतच अडवून धरतात. त्यांच्यामध्यें चार तासांचें अंतर असावें. सकाळीं उठल्यावर ही, दुपारच्या जेवणानंतर एक, रात्रीं एक. पोट दुखतें म्हणून किंवा बरें वाटूं लागलें म्हणून ती गोळी मध्येंच सोडूं नये, डॉक्टरांस विचारावें.

बाळ जन्मल्यावरहि एक काम उरतें. आईचें सर्व ठीक असतां कांहीं बाळें जन्मतःच थायरॉईडच्या उणीवेनें युक्त असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मुंबई धरून पांच शहरांत केलेल्या पाहणींत सुमारें अकराशें बाळांमागें एक असें प्रमाण आढळलें. असें बाळ पहिल्या दिवसांत कोणालाहि आजारी वाटत नाहीं. तें फार झोंपतें, कमी रडतें, पितां पितां थकतें; त्याची कावीळ लांबते, कधीं बेंबी फुगलेली व जीभ मोठी दिसते. आजी म्हणते, किती गुणी लेकरूं, त्रास म्हणून देत नाहीं! पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर अशीं मुलें बहुतेक इतर मुलांसारखींच वाढतात. महिने लोटले तर गेलेली बुद्धि परत आणतां येत नाहीं. मग ग्रहणांत आईनें विळी हातीं घेतली, कोणाची दृष्ट लागली, किंवा तिचेंच कांहीं पाप आड आलें, असे तर्क घरांत निघतात, आणि त्या मुलीला जन्मभर ते सोसावे लागतात. अर्थात् मूल बहिरें किंवा मंद होण्याचीं कारणें पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं आयोडीन किंवा थायरॉईडच मुळाशीं असतें असें नव्हे. पण ग्रहण व विळी कोठेंच मुळाशीं नसतात.

गोव्यांत २००८ सालीं सरकारनें नवजात बाळांच्या अशा तपासण्या हातीं घेतल्या होत्या. आपल्या जिल्ह्यांत बाळंतपण लातूरच्या सरकारी वैद्यकीय संस्थेंत झालें, तालुक्याच्या दवाखान्यांत झालें, किंवा खासगी ठिकाणीं झालें, तरी घरीं निघण्यापूर्वीं बाळाच्या वडिलांनीं किंवा आजोबांनीं डॉक्टरांस एवढेंच विचारावें: बाळाचें थायरॉईडचें रक्त तपासलें काय, आणि त्याचा निकाल आम्हांस कोठें व केव्हां मिळेल? जन्मानंतर दोन-तीन दिवसांनीं टाचेला सुई टोंचून कांहीं थेंब घेतात. तपासणी तेथें होत नसेल तर कोठें होते हें त्याच वेळीं लिहून घ्यावें, कारण दोन आठवड्यांतले चार-पांच दिवस तोंपर्यंत गेलेले असतात.